बंबलबीची पेटी: टोमॅटोला पूर्ण गुण, हिरव्या ढेकणापुढे कमी

नेदरलँड्सच्या वेस्टलँड भागातल्या काचघरांत टोमॅटोच्या ओळींमध्ये पुठ्ठ्याच्या पेट्या दिसतात. आत असते बॉम्बस टेरेस्ट्रिस, ढुंगणाचं टोक पांढरट असलेली केसाळ बंबलबी. (आपला भुंगा बहुतेक वेळा लाकूड पोखरणारा, तो वेगळा.) 1980च्या दशकात तिथे हातात कंपनयंत्र घेऊन फुलांचे झुपके एकेक करून हलवावे लागत. ते काम या पेटीने संपवलं.

टोमॅटोचे पराग नळीसारख्या परागकोशात अडकून असतात. बंबलबी फुलाचा पिवळा शंकू जबड्यात धरते आणि पंख न फडकवता छातीचे स्नायू थरथरवते, की पराग झडतात. मधमाशीला हे जमत नाही. शंकूवर हलका तपकिरी ठसा दिसला की काम झालं. शंकू काळा पडून चेंबला असेल तर फुलांच्या मानाने माश्या जास्त झाल्यात, पेट्या कमी करा.

टोमॅटोच्या फुलात मध नसतो, म्हणून पेटीतच साखरपाणी दिलेलं असतं. पेटी सपाट, सावलीत ठेवा आणि निदान अर्धा तास शांत राहू द्या; मगच दार उघडा. उन्हात तापली की माश्या फुलं सोडून आत पंखांनी वारा घालत बसतात. 8 ते 12 आठवड्यांत पेटी संपते.

दुखणं वेगळंच आहे. माश्यांना जपायला जहाल फवारण्या थांबवल्या की हिरव्या ढेकणाचं, नेझारा विरिडुलाचं, फावतं. आपल्या सोयाबीन-तुरीवरचा हाच तो. गंमत म्हणजे हाही थरथरीवरच जगतो: नर-मादी देठातून सुमारे 100 हर्ट्झचे कंप पाठवून एकमेकांना गाठतात. मात्र फळात सोंड खुपसली की सालीखाली पांढरट-पिवळे डाग पडतात, गर स्पंजासारखा होतो.

फवारायचंच असेल तर पेटीचं बाहेर जायचं भोक तास-दोन तास आधी बंद करा आणि आत यायचं उघडं ठेवा. माश्या परतल्या की पेटी बाहेर न्या. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा अंश पानांवर बरेच दिवस टिकतो. दुसऱ्याच दिवशी परत आणलेली पेटी वाया जाते.

त्यापेक्षा पानं उलटून पाहा. पिंपासारखी पिवळसर अंडी चिकटून रांगेने मांडलेली असतात, एका पुंजक्यात साठ-सत्तर सहज. काळी पडलेली अंडी तोडू नका. त्यांत ट्रिसोल्कस बसालिस ही परजीवी गांधीलमाशी वाढतेय. बाकीचा पुंजका पानासकट साबणाच्या पाण्यात टाका. नुकती फुटलेली पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत तिथेच गोळा होऊन बसतात. पुढे पांगली की वेचणं हाताबाहेर जातं.