ऑगस्टा नॅशनल: मागे सरकलेल्या टींचे परीक्षण

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा नॅशनल हे गोल्फचे मैदान खासगी क्लबाच्या मालकीचे असून तिथे कोणालाही पैसे भरून खेळता येत नाही; त्यामुळे प्रस्तुत परीक्षण तिथे दरवर्षी होणारी मास्टर्स स्पर्धा वर्षानुवर्षे बारकाईने पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या बाजूने लिहिले आहे. परीक्षणाचा विषयही संपूर्ण मैदान हा नाही. गेल्या पाव शतकात तिथे एकामागून एक होलच्या (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एकेकाच्या) टी, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात त्या जागा, मागे नेण्यात आल्या. ते काम कुठे साधले आणि कुठे बिघडले, एवढेच इथे पाहायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: तेराव्या आणि अठराव्या होलवर हे काम उत्तम झाले आहे, अकराव्यावर ते बऱ्याच उशिराने सुधारले आणि सातव्यावर मात्र एका चांगल्या छोट्या होलची ओळखच पुसली गेली.

बॉबी जोन्स आणि अॅलिस्टर मॅकेंझी यांनी आखलेल्या या मैदानावर 1934 मध्ये पहिली स्पर्धा झाली. 1997 मध्ये टायगर वूड्सने 270 फटक्यांत आणि 12 फटक्यांच्या आघाडीने स्पर्धा जिंकली, तेव्हा मैदानाची लांबी 6,925 यार्ड होती आणि पाचच्या पारचा, म्हणजे पाच फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला, पंधरावा होल तो ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारी काठी) आणि वेज (जवळच्या, उंच फटक्याची आखूड काठी) एवढ्यावर गाठू शकत होता. पुढे चेंडूही बदलले, ड्रायव्हरही बदलले आणि खेळाडूंची शरीरेही. 2002 च्या स्पर्धेपूर्वी मैदान-रचनाकार टॉम फाझिओ यांच्या देखरेखीखाली एका फटक्यात नऊ होल मिळून 285 यार्ड वाढवण्यात आले, 2006 साठी आणखी सहा होल लांबले आणि मैदान 7,445 यार्डांवर गेले. त्यानंतर पाचवा, अकरावा, पंधरावा, तेरावा, दुसरा असे करत करत 2024 मध्ये हा आकडा 7,555 झाला.

हे आकडे छापायला सोपे असले तरी त्यांवरून होलविषयी फारसे काही कळत नाही. टी मागे नेण्याचा परिणाम दोन ठिकाणी तपासावा लागतो. पहिला फटका आता जमिनीच्या कोणत्या तुकड्यावर पडतो, आणि दुसऱ्या फटक्यासाठी खेळाडूच्या हातात कोणती काठी येते. जुन्या मैदानातले बंकर (वाळूचे खड्डे), उतार, ओढे हे ठरावीक अंतरावर पडणाऱ्या चेंडूसाठी रचलेले असतात आणि ग्रीनचा (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचा) आकार, उंची, कल हा ठरावीक उंचीने आणि फिरकीने येणाऱ्या चेंडूसाठी. टी मागे गेली तरी ग्रीन जागचे हलत नाही. म्हणून जिथे नव्या टीमुळे चेंडू पुन्हा जुन्याच अडचणीत पडतो आणि हातात पुन्हा जुनीच काठी येते, तिथे होल लांबूनही मूळचा राहतो. हे जिथे जुळत नाही, तिथे त्याच फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) एक वेगळाच होल तयार होतो.

अठरावा होल हे याचे सरळ उदाहरण आहे. फेअरवेच्या डावीकडे, उजवे वळण सुरू होते तिथे, दोन बंकर आहेत. 1988 मध्ये सँडी लाइलने शेवटच्या दिवशी इथे टीवरून वन-आयर्न (लोखंडी डोक्याच्या काठ्यांतली सर्वांत लांब मारणारी; आकडा वाढतो तसे अंतर घटते) मारले, चेंडू त्यांपैकी पहिल्या बंकरमध्ये गेला, तिथून त्याने सेव्हन-आयर्नने ग्रीन गाठले आणि बर्डी करून, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेऊन, स्पर्धा जिंकली. तेव्हा होल 405 यार्डांचा होता. दहा-बारा वर्षांत लांब मारणाऱ्यांना हे बंकर दिसेनासे झाले, कारण त्यांचा ड्रायव्हर सरळ त्यांवरून जाई आणि चढावरच्या ग्रीनकडे मारायला वेज उरे. 2002 मध्ये टी 60 यार्ड मागे गेली आणि होल 465 यार्डांचा झाला. आता ड्रायव्हर बरोबर बंकरांच्या पट्ट्यात उतरतो, ते पार करण्याचा विचारही जेमतेम काही जणच करू शकतात, आणि दुतर्फा झाडांमधली ती अरुंद बोळ मागच्या टीवरून आणखीच अरुंद दिसते. सुरक्षित म्हणून उजवीकडे मारावे तर झाडे आडवी येतात. इथे वाढीव यार्डांनी नवे काहीही आणलेले नाही, निकामी झालेले बंकर तेवढे पुन्हा कामाला लावले.

तेराव्या होलला मात्र जागाच नव्हती. कपड्याची दुमड उसवून लांबी वाढवावी, तर आत कापडच शिल्लक नाही, अशी तिथली अवस्था होती. टीच्या मागे शेजारच्या ऑगस्टा कंट्री क्लबची हद्द लागे. 2017 मध्ये क्लबने ती जमीन विकत घेतली आणि 2023 च्या स्पर्धेत टी 35 यार्ड मागे जाऊन 510 यार्डांचा होल 545 यार्डांचा झाला. पाचच्या पारचा हा होल डावीकडे वळतो, रेज क्रीकला मिळणारा ओढा डाव्या अंगाने धावत येऊन ग्रीनच्या पुढ्यातून आडवा जातो आणि फेअरवे उजवीकडून डावीकडे इतका कलता आहे की उजव्या हाताने खेळणाऱ्याला चेंडू पावलांपेक्षा वर ठेवूनच दुसरा फटका मारावा लागतो. अशा स्थितीतून चेंडू आपोआप डावीकडे ओढला जातो, आणि डावीकडे पाणी. दोन फटक्यांत ग्रीन गाठायचे की ओढ्याअलीकडे थांबायचे, हा निर्णय खेळाडूला जड जावा, असा जोन्स यांचा या होलमागचा हेतू होता.

तो जडपणा पूर्वीच निघून गेला होता. 2014 च्या शेवटच्या दिवशी डावखुऱ्या बब्बा वॉटसनने कोपऱ्यावरची झाडे पार करत 366 यार्डांचा ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) मारला आणि ग्रीनसाठी सँड वेज हातात घेतली. फटका विलक्षण होता यात शंका नाही, पण सँड वेजने ओढ्याची कोणाला भीती वाटणार? कलत्या जमिनीचा प्रश्नही तिथे बराच हलका होतो, कारण मारायचे अंतरच थोडे उरते. नव्या टीवरून कोपरा उडवण्याचा मार्ग जवळपास बंद झाला आहे. चांगला ड्राइव्हसुद्धा वळणाच्या आसपास त्या कलत्या भागात थांबतो आणि पुढे लाँग आयर्न, हायब्रिड किंवा फेअरवे वूड अशी लांब अंतराची काठी मारायची उरते. यावर एक रास्त आक्षेप असा की आता अधिक खेळाडू ओढ्याअलीकडे थांबतात आणि वेजने तिसरा फटका मारतात, म्हणजे ज्या थरारासाठी होल प्रसिद्ध होता तोच कमी झाला. आक्षेपात तथ्य आहे. तरीही माझा कौल नव्या टीच्या बाजूने आहे, कारण जो खेळाडू आज ग्रीनचा प्रयत्न करतो तो खरोखर काहीतरी पणाला लावतो. 1935 मध्ये जीन सॅराझेनने पंधराव्या होलवर 235 यार्डांवरून वूडने चेंडू थेट खड्ड्यात घातला, तो फटका आजही सांगितला जातो तो त्या अंतरामुळे आणि पुढ्यातल्या पाण्यामुळेच.

आता सातवा. माझी खरी तक्रार इथे आहे. मूळचा हा होल साडेतीनशे यार्डांच्या आसपासचा, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज मैदानाच्या अठराव्या होलची आठवण ठेवून आखलेला, म्हणजे एक ड्राइव्ह आणि एक नाजूक पिच (ग्रीनवर उंचावरून टाकलेला आखूड फटका). 1938 मध्ये रचनाकार पेरी मॅक्सवेल यांनी ग्रीन उचलून उंचवट्यावर नेले आणि त्याला बंकरांचा वेढा घातला: तीन पुढे, दोन मागे. ग्रीन रुंदीला बरे, पण पुढून मागे अगदी उथळ. वेज हातात असेल तर ही रचना चोख आहे. चेंडू उंचावरून येतो, फिरकीने थांबतो, आणि जो थोडाही चुकतो त्याला वाळूत उतरावे लागते. 2001 मध्ये 365 यार्डांचा असलेला हा होल 2002 मध्ये 410 आणि 2006 मध्ये 450 यार्डांचा करण्यात आला. पाच वर्षांत 85 यार्ड! शिवाय दोन्ही बाजूंच्या पाइनच्या झाडांनी फेअरवे इतकी आवळली आहे की ड्राइव्ह जरा भरकटला की ग्रीन दिसतही नाही. वेजसाठी रचलेल्या ग्रीनवर आता अनेकांना मिड-आयर्नने (मध्यम अंतराच्या काठीने) चेंडू थांबवावा लागतो. होल अवघड झाला हे मान्य, पण अवघड चारच्या पारची या मैदानावर वाण कधीच नव्हती. छोट्या, फसव्या चारच्या पारची होती आणि त्यांपैकी एक गेला. उरलेला तिसरा होल 350 यार्डांचाच ठेवला आहे आणि तरीही उत्तम खेळाडूंना तिथे टीवर कोणती काठी घ्यावी याचा निर्णय पटकन होत नाही, हे विशेष.

अकराव्या होलने वेगळाच धडा दिला. 455 यार्डांवरून 2002 मध्ये 490, 2006 मध्ये 505 अशी त्याची वाढ झाली, पण होल बिघडला तो यार्डांनी नव्हे, त्याच सुमारास उजव्या बाजूला लावलेल्या झाडांनी. ग्रीनच्या डावीकडे तळे आहे, त्यामुळे ग्रीनकडे पाहण्याचा सोयीचा कोन फेअरवेच्या उजव्या बाजूने मिळे, आणि तीच बाजू झाडांनी बुजवली. निवड संपली आणि उरली ती फक्त सहनशक्ती. 2022 मध्ये टी आणखी 15 यार्ड मागे आणि थोडी डावीकडे नेताना उजवीकडची काही झाडे काढण्यात आली, फेअरवेचे चढउतारही नव्याने घडवले गेले. होल 520 यार्डांचा होऊनही आधीपेक्षा बरा वाटतो तो त्यामुळे.

पाचव्याबद्दल थोडक्यात. 2019 मध्ये टी जुन्या बर्कमन्स रस्त्यापलीकडे गेली, होल 455 वरून 495 झाला आणि त्याच वर्षी वूड्सने चारही दिवस तिथे बोगी करूनही (पारपेक्षा एक फटका जास्त घेऊनही) स्पर्धा जिंकली. होल कठोर आहे, पण डावीकडच्या खोल बंकरांना नव्या टीने पुन्हा अर्थ दिला. चौथे ग्रीन सोडल्यावर या टीपर्यंत मागे चालत जावे लागते, ही मात्र मागे नेलेल्या प्रत्येक टीची न मोजली जाणारी किंमत आहे: जुन्या मैदानांत एका ग्रीनवरून दुसऱ्या टीवर दोन पावलांत पोहोचण्याची जी सलगता होती, ती तुटते.

लांबी वाढवली की लांब मारणाऱ्यांना आळा बसतो, हा समज मात्र ऑगस्टाने खोटा पाडला आहे. 2007 मध्ये थंडी-वाऱ्यात झॅक जॉन्सनने पाचच्या पारचे सर्व होल चारही दिवस तीन फटक्यांचेच मानले, एकदाही दोन फटक्यांत ग्रीनचा प्रयत्न केला नाही, त्या होलांवर एकूण 11 अंडर, म्हणजे पारपेक्षा 11 फटके कमी, खेळला आणि 289 फटक्यांवर विजेता ठरला. उलट नोव्हेंबर 2020 मध्ये मैदान मऊ असताना डस्टिन जॉन्सनने 7,475 यार्डांवर 268 फटक्यांचा विक्रम केला. ग्रीन किती कडक आहेत यावर फटक्यांची संख्या जितकी ठरते, तितकी यार्डांवर ठरत नाही. बारावा होल तर 155 यार्डांचाच आहे आणि या पाव शतकात त्याची लांबी कोणी वाढवलेली नाही.

क्लबच्या सदस्यांच्या टी यापासून अलिप्त आहेत. ते 6,365 यार्डांच्या मैदानावर खेळतात. सदस्याला सातव्यावर आजही बंकरांवरून पिच मारण्याची मजा मिळते आणि ज्यांच्या खेळासाठी आपण हे मैदान पाहतो त्यांना ती मिळत नाही, हे उलटे आहे. मागची टी उखडावी असे माझे म्हणणे नाही. स्पर्धेच्या चार दिवसांपैकी निदान दोन दिवस सातव्याच्या खुणा चाळीस-पन्नास यार्ड पुढे लावाव्यात आणि ग्रीनवरचा खड्डा पुढच्या बंकरांना अगदी लागून ठेवावा, एवढे आयोजकांनी एकदा करून पाहायला हरकत नाही.