ट्रोव्ह : हेन्री पार्क्स यांचे चरित्र त्यांच्याच वर्तमानपत्रातून

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातील वर्तमानपत्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. सोलापुरात घरबसल्या, एक पैसाही न देता ती वाचता येतात. ऑस्ट्रेलियातील राजकारणी आणि पत्रकर्ते सर हेन्री पार्क्स यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यासाठी मी ही सेवा वापरली आणि तिची मनापासून शिफारस करतो.

पार्क्स मूळचे बर्मिंगहॅममधले हस्तिदंताचे कातारी. धंदा बसला तेव्हा १८३९ साली ते पत्नीसह सिडनीला आले. त्यांची मुलगी वाटेत, जहाजावरच जन्मली होती. सुरुवातीला त्यांना शेतमजुरी करावी लागली. तेलंगणातून हातात मागाची विद्या घेऊन आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी ज्या शहराला आकार दिला, त्या सोलापूरच्या वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. पुढे पार्क्स १८७२ ते १८९१ या काळात न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातील तत्कालीन ब्रिटिश वसाहतीचे पाच वेळा पंतप्रधान (प्रीमियर) झाले.

चरित्रग्रंथ शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून लिहिलेला असतो. वर्तमानपत्राला उद्याचे ठाऊक नसते, आणि ट्रोव्हचे खरे मोल मला इथे वाटते. पार्क्स यांनी १८५० मध्ये काढलेले ‘एम्पायर’ इथे अंकवार उपलब्ध आहे; त्याच पत्रापायी १८५८ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. एका बाजूला मूळ पानाची प्रतिमा आणि शेजारी यंत्राने वाचलेला मजकूर दिसतो. झिजलेल्या खिळ्यांमुळे यंत्र चुकते, तेव्हा ती ओळ कोणाही वाचकाला दुरुस्त करता येते. आपल्या ‘कल्पतरू’सारख्या जुन्या पत्रांसाठी अशीच सोय व्हावी, असे फार वाटते.

पार्क्स यांची दुसरी बाजूही इथे झाकलेली नाही. स्वतः परदेशातून आलेल्या या नेत्याच्याच सरकारने १८८८ मध्ये चिनी स्थलांतरितांवर कडक निर्बंध घातले. शाळा सर्वांसाठी खुल्या करणाऱ्या १८८० च्या कायद्याइतकेच हेही वाचले पाहिजे.

स्तंभ अरुंद आणि अक्षर बारीक असल्याने मोबाइलपेक्षा संगणकावर वाचणे सोयीचे. नवख्या वाचकाने ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’चा २५ ऑक्टोबर १८८९ चा अंक आधी उघडावा. आदल्या दिवशी पार्क्स यांनी टेंटरफील्ड येथे ऑस्ट्रेलियातील वसाहतींच्या एकीकरणाची हाक दिली होती, तिचे वृत्त त्यात आहे.