दगड तुटायच्या आधीचे सिग्नल पकडणारं मशीन, ७ महिने वापरल्यावर

भंडारा जिल्ह्यात मँगनीजच्या अंडरग्राउंड खाणीत फोरमन आहे. हे मशीन घ्यावं का म्हणून दोघातिघांनी विचारलं, म्हणून लिहितोय. साधा डबा, वर गोल अँटेना, स्टोपच्या, म्हणजे खनिज काढतो त्या पोकळीच्या, छताकडे धरायचं आणि मिनिटाला किती पल्स येतात ते बघायचं. दगडावर ताण वाढला की आत बारीक चिरा पडतात, त्या फाटताना चार्ज वेगळा होतो आणि रेडिओसारखे झटके बाहेर पडतात. त्यात आमच्याकडे गोंडाइट, म्हणजे गार्नेट आणि क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ दाबलं की वीज तयार होते हे क्युरी बंधूंनी १८८० सालीच दाखवलंय, गॅसच्या लायटरमध्ये तेच चालतं.

पहिला महिना नुसता डोक्याला ताप. पंप चालू झाला की पल्स, एलएचडी (खनिज भरून नेणारी गाडी) आली की पल्स, केबलजवळ गेलं तर विचारूच नका. मग सेक्शनचा सप्लाय बंद असताना, चुन्याची खूण करून रोज त्याच जागी त्याच दिशेने धरायला लागलो तेव्हा कुठे अर्थ लागायला लागला. ब्लास्टिंगनंतर आकडा चढतो आणि हळूहळू उतरतो. एकदा दोन दिवस उतरलाच नाही, मी काम थांबवलं, छताला जादा बोल्ट मारून घेतले, वरून शिव्या खाल्ल्या आणि पडलं काहीच नाही. आता मशीन चुकलं का बोल्टने धरलं, कोण सांगणार!

पण खरा धोका वेगळाच आहे. रेतीचं स्टोइंग झालं, म्हणजे रिकाम्या जागेत पाण्याबरोबर रेती भरली, की आमच्याकडे सगळीकडे पाणी, आणि ओला दगड सिग्नल गिळून टाकतो. ऑगस्टमध्ये अशाच एका स्टोपमध्ये आकडा शून्य, मी निवांत, तेवढ्यात आमच्या मेटने (मुकादमाने) सवयीने छताला सब्बल ठोकली तर ठण्ण ऐवजी भद्द, म्हणजे दगड सुटलेला. ड्रेसिंग केलं, म्हणजे सुटा दगड पाडायला घेतला, तर पलंगाएवढी शिळा खाली आली. तेव्हापासून ओल्या जागेचा शून्य मी वहीत लिहीतच नाही, तिथे नुसती रेघ मारतो.

बाकी बॅटरी एक शिफ्ट निघते, स्क्रीनवर धूळ बसली की काही दिसत नाही, सर्व्हिसवाले फोन उचलत नाहीत. कोळशाच्या खाणीत नेणार असाल तर आधी डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) मंजुरी बघा, माझ्या मॉडेलला नाहीये.