स्थळ कुठून बघायचं: नात्यातून, मंडळातून की ॲपवरून?

लग्नाचा विषय निघाला की घरात पहिला वाद स्थळ कुठून बघायचं यावरूनच होतो. आईला मावशीने सुचवलेलं हवं असतं, बाबा मंडळात नाव नोंदवून मोकळे झालेले असतात आणि मुलीचं ॲपवर दोघा-तिघांशी बोलूनही झालेलं असतं. 'चांगली स्थळं कुठे मिळतात' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याआधी दोन गोष्टी बघा: त्या मार्गाने आपोआप काय कळतं, आणि नाही म्हणण्याची किंमत काय पडते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या मराठा घरातला बायोडेटा हातात घ्या. उंची, शिक्षण, देवक, मामाचं गाव, बागायत किती, आणि तळाशी 'नातेसंबंध' म्हणून सात-आठ आडनावांची ओळ. परक्याला ती भरताड वाटेल, पण खरी चौकशी तिथूनच सुरू होते. एक आडनाव ओळखीचं निघालं की फोन जातो, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीचं कर्ज, दारू, भावकीतला दावा सगळं बाहेर येतं. मात्र कळतं ते घराबद्दल. मुलगा चिडल्यावर कसा वागतो, त्याला बायकोची नोकरी मनापासून चालणार आहे का, हे त्या फोनवर कोणी सांगत नाही. शिवाय इथला नकार महागात पडतो. मामाने आणलेलं स्थळ नाकारलं की मामी पुढच्या दिवाळीपर्यंत तोंड फुगवून बसते. अशा भिडेपोटी दिलेले होकार कमी नाहीत.

(ब्राह्मण घरांच्या बायोडेट्यात गोत्राचा रकाना असतो. सगोत्र विवाहावरचा कायदेशीर अडसर 1946 सालीच गेला, रकाना राहिला.)

मंडळं आणि परिचय मेळावे बहुतेक जातवार, पोटजातवार. माइकवर अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख, खाली आईवडिलांच्या हातात पुस्तिका आणि पेन. नात्याबाहेरची पण समाजातलीच स्थळं हवी असतील तर सोयीचं. मंडळाचा माणूस निरोप पोचवतो, त्यामुळे नकारही फारसा लागत नाही. पण माहिती उमेदवाराने भरून दिलेलीच असते. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने विवाह मंडळांनाही नोंदणी लागते. फी भरण्याआधी ती आहे का ते विचारा.

ॲपवर जात गळून पडते, हा गैरसमज. तिथे ती फिल्टरमध्ये बसलेली असते. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बंगाली दैनिकातल्या विवाहविषयक जाहिरातींवरचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. स्वजातीच्या जोडीदारासाठी लोक शिक्षणातल्या मोठ्या फरकावरही पाणी सोडायला तयार दिसले. 2011-12 च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं सुमारे 5 टक्केच होती. म्हणजे ॲप उघडून जातीची खूण तशीच ठेवलीत, तर मंडळातच बसलात, फक्त खुर्ची मऊ. ती खूण काढलीत तरच ॲपचा वेगळा उपयोग.

ॲपवरचा नकार मात्र फुकट. उत्तर दिलं नाही की झालं. मुलींना हा मोकळेपणा घरच्या दिवाणखान्यात क्वचितच मिळतो, म्हणून माझा कल इकडे आहे. तोटाही त्यातच आहे: फुकट नाही म्हणता येतं, त्यामुळे महिनोन्महिने गप्पा चालतात आणि कोणी हो म्हणत नाही. खात्रीच्या नावाने तर शून्य. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मागा, नोकरीचं ठिकाण बघून या, परदेशातलं स्थळ असेल तर व्हिसा कोणता ते स्पष्ट विचारा. भेटीआधी पैसे मागितले तर बोलणं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

गावाकडच्या शेतकरी मुलाला ॲपचा फारसा उपयोग नाही. तिथे तो व्यवसायाच्या रकान्यातच गळतो. 2001 च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. ती मुलं आज लग्नाची आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेशात घोड्यावरून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, ते उगाच नाही. अशा मुलाने नातीच धरावीत, आणि आपल्या जिल्ह्यापलीकडे, जातीपलीकडे बघायची तयारी ठेवावी.

स्वतःच कोणी शोधलं असेल तर हा खटाटोप नको. जात किंवा धर्म वेगळा असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे: 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. नोटीस विवाह नोंदणी कार्यालयात लागते, तेव्हा घरी कधी सांगायचं ते आधीच ठरवा.

शहरात नोकरी करणाऱ्या, स्वतःचं स्वतः बोलू शकणाऱ्या मुलामुलीला मी म्हणेन: शोध ॲपवर घ्या, चौकशी नात्यातून करा. मामाकडे स्थळ मागू नका, फोन मागा. दोन-तीन भेटी होऊन मन बसू लागलं की त्या माणसाचं गाव आणि आडनाव मामाला द्या, तेही बैठकीच्या आधी. याद्या झाल्यावर कळलेल्या गोष्टींवर घरातलं कोणीच नाही म्हणू देत नाही.