टॅबची वेळमर्यादा: सहा महिन्यांचा अनुभव, व्हाया टोकियो

मुलाच्या टॅबला वेळमर्यादा लावणाऱ्या ॲपची फुकटची मुदत संपत आली, वर्षाचे १,४९९ रुपये भरा, असा मेसेज काल आला. म्हणून हे लिहायला बसलो. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही; त्यांच्या ग्राहक सेवेशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी परभणीत, बँकेच्या शाखेत. घर नाशिकला. घरी आई, बायको आणि नववीतले चिरंजीव. बायकोची ड्यूटी रात्री नऊपर्यंत, म्हणजे संध्याकाळी टॅबवर राज्य कुणाचं ते सांगायला नको. टॅब जूनमध्ये क्लाससाठी घेतला, सोबत हे ॲप सहा महिने फुकट होतं.

मुलांवर लक्ष ठेवायचं गूगलचं फॅमिली लिंक ॲप कायमचं फुकट असताना हे कशाला, असं कुणीतरी विचारणारच. चूक माझीच. लॉकडाऊनच्या शाळेसाठी त्याचं गूगल खातं मीच घाईघाईत काढलं आणि वयाची अट आडवी आली म्हणून जन्मसाल मनाने ठोकून दिलं. त्या हिशेबाने चिरंजीव आज सव्वीस वर्षांचे आहेत. सव्वीस वर्षांच्या माणसाला पालकांच्या देखरेखीखाली घेता येत नाही. आणि क्लासचं सगळं त्याच खात्यावर.

पहिले दोन महिने मी खूश होतो. रोज दीड तास, रविवारी अडीच. कोटा संपला की टॅब बंद, फक्त क्लासचं ॲप आणि सेटिंग्ज तेवढी चालू. मी कॅश टॅली करत असताना "बाबा, पंधरा मिनिटं द्या ना" अशी विनंती यायची, मी मूड बघून द्यायचो. रात्रीचं कुलूप मी लावलंच नव्हतं. आई दहाच्या ठोक्याला राऊटरचं बटण बंद करते, "उगाच वीज जळते" म्हणून. तेच माझं कुलूप. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी चार तारे दिले असते.

मग एकादशी आली.

आई रात्री जेवणं झाल्यावर टॅबवर तिथी बघते. तिने नऊ वाजता मला फोन केला. आवाज रडवेला. "अरे, आज एकादशी होती, आणि मी आमटी-भात खाऊन बसले." मी म्हटलं, एकादशी उद्या आहे. "नाही रे, टॅबवर आज दाखवतंय." मी तिला टॅबचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटोत वेळ होती १२:३४. रात्रीचे.

टोकियो. चिरंजीवांनी सेटिंग्जमध्ये जाऊन टॅबचा टाइम झोन टोकियोचा केला होता. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपल्याकडे साडेआठ वाजले की तिथे बारा वाजतात, तारीख बदलते आणि ॲपचं मीटर शून्यावर येतं. नवा दीड तास हजर. झोपण्याआधी पठ्ठ्या परत भारताच्या वेळेवर यायचा. ॲपला एवढंच कळतं की तारीख बदलली. ती पुढे गेली की मागे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रोजचा अहवाल मात्र स्वच्छ. दीड तास, दीड तास, दीड तास.

याच्यावरून मी जे पेटलो ते अजून विझलेलो नाही. बाकीच्या तक्रारी (बॅटरी खातं, मराठी भाषांतर भयाण आहे, "बालक कुलूपित झाले" वगैरे) मी माफ करतो. पण दिवस कधी बदलतो हे ठरवायचा अधिकार ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच हातात? आमच्याकडे शाखेतलं भिंतीवरचं घड्याळ कुणी पुढे केलं म्हणून उद्याची तारीख उगवत नाही. सर्व्हरवर डे-एंड होतं, मग दिवस बदलतो. एकदा बंद झालेला दिवस काउंटरवरचा कुणीही परत उघडू शकत नाही. यांच्याकडे चौदा वर्षांचं पोर एकाच संध्याकाळी दोनदा डे-एंड करतं!

कंपनीला तीन मेल केले. पहिलं उत्तर: टॅब बंद करून चालू करा. दुसरं: ॲप काढून पुन्हा टाका. टॅब नाशिकला, मी परभणीला, आणि लांबून ताबा ठेवता येतो म्हणून तर हे ॲप. तिसऱ्या मेलमध्ये मी म्हटलं, सेटिंग्ज तरी बंद करायची सोय द्या. "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे." तो विभाग बहुधा टोकियोत असावा. त्या दिवशी माझे तारे दोनवर आले.

चिरंजीवांची चौकशी केली तेव्हा कळलं की आधी त्याने तारीखच वर्षभर पुढे ढकलून पाहिली होती. पण मग एकही साइट उघडेना, कारण साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते आणि टॅबच्या मते ती उलटून गेलेली. टाइम झोन बदलला तर आतलं मूळ घड्याळ तसंच राहतं, फक्त दाखवायची वेळ बदलते, म्हणून सगळं सुरळीत चालतं. हे त्याने मला समजावून सांगितलं. भूगोलात एकोणचाळीस मार्क आहेत.

आईचं म्हणणं, भोंगा लावा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून घराघरातले टीव्ही-मोबाइल दीड तास बंद ठेवायला सुरुवात झाली, ते तिने बातम्यांत बघितलंय. भोंग्याला टाइम झोन नसतो हे खरं. पण आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या भोंग्यावरूनच दोन गट आहेत.

उपाय शेवटी मलाच सापडला, तोही एसटीत बसल्या बसल्या. रात्रीचं कुलूप लावलं, दहा ते सहा. या कुलपात सेटिंग्जसुद्धा बंद होतात. आता हिशेब बघा. जो टोकियोला जाईल त्याचे रात्रीचे दहा आपल्या संध्याकाळी साडेसहालाच वाजतात. म्हणजे साडेआठला मीटर शून्यावर आणायला गेला की तिथल्या मध्यरात्रीत पाय ठेवल्याबरोबर कुलूप. आणि सेटिंग्ज बंद, त्यामुळे परत यायचं विमान नाही. तिथले सहा वाजेपर्यंत, म्हणजे आपल्या पहाटे अडीचपर्यंत, मुक्काम जपानात. पश्चिमेला लंडनकडे गेला तर कुलूप टळेल, पण तारीख बदलत नाही, कोटा वाढत नाही. तेवढं मी सोडून दिलं.

एक अडचण: टॅब नेटवर आला तरच नवा नियम पोचतो. मी कुलूप लावलं रात्री सव्वादहाला, तेव्हा आईने राऊटर बंद केलेला. नियम सकाळी पोचला. चिरंजीवांना पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी आठ चौतीसला फोन. एरवी मी केला तरी हा उचलत नाही.

"बाबा, टॅब उघडत नाहीये. कोड द्या ना."

"कुठे आहेस?"

बराच वेळ शांतता. मग बारीक आवाजात, "टोकियोत."

कोड दिला. सहा आकडी कोड नेट नसतानाही चालतो आणि टाइम झोन कुठलाही असला तरी जुळतो, कारण तो मूळ घड्याळावरून निघतो. ही एक गोष्ट या लोकांनी नीट केली आहे, कबूल करतो. तारे साडेतीन. १,४९९ म्हणजे दिवसाला चार रुपये, भरले. मेल मात्र थांबवलेले नाहीत, चौथा तयार आहे.

काल रात्री नकाशा घेऊन बसलो होतो. पॅसिफिकमध्ये किरितिमाती नावाचं बेट आहे, आपल्यापेक्षा साडेआठ तास पुढे. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथले सकाळचे सहा. कुलूप उघडं, राऊटर चालू, अर्धा तास हातात. सकाळचं कुलूप सहाऐवजी सातला उघडेल असं करून ठेवलंय. यावेळी राऊटर बंद व्हायच्या आत.