शासकीय ग्रंथागार : किंमत रास्त, पण गाजावाजा फारच कमी

गंभीर मराठी पुस्तके संग्रही ठेवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मुंबईत चर्नी रोड येथे असलेल्या शासकीय ग्रंथागारात एकदा तरी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. राजपत्रे आणि अधिनियम घेण्यासाठी वकील व कार्यालयीन कर्मचारी तिथे जातातच, परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड, महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय, जिल्ह्यांची गॅझेटिअर आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथही शासन याच खिडकीवरून विकते, हे पुष्कळ वाचकांच्या गावीही नसते. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर येथेही अशी ग्रंथागारे आहेत.

किमतीच्या बाबतीत या पुस्तकांशी खासगी प्रकाशक स्पर्धा करू शकत नाहीत, कारण येथे प्रकाशकाचा नफा धरलेला नसतो. स्वस्त म्हणजे उरकलेले काम, असेही नाही. फुले यांचे समग्र वाङ्मय १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केले, तर आंबेडकरांच्या खंडांचे प्रकाशन १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली सुरू झाले. इतक्या कष्टाने सिद्ध झालेले ग्रंथ विद्यार्थ्यालाही परवडावेत, हे धोरण मला मनापासून योग्य वाटते.

माझी तक्रार आहे ती या विक्रीच्या अबोलपणाबद्दल. खासगी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतो, वृत्तपत्रात जाहिरात देतो, समारंभ करतो. शासनाचे नवे पुस्तक किंवा पुनर्मुद्रण मात्र बहुधा कोणाला कळतही नाही. त्यातच मूळ किंमत कमी असल्यामुळे विक्रेत्याच्या हाती पडणारे कमिशनही थोडेच असते, त्यामुळे गावोगावच्या दुकानदारांना ही पुस्तके मांडण्यात फारसा रस वाटत नाही. म्हणजे ज्या स्वस्ताईमुळे पुस्तक सर्वांपर्यंत जायला हवे, तीच त्याला दुकानाबाहेर ठेवते, आणि ही उणीव प्रसिद्धीने भरून काढण्याची जबाबदारी विकणाऱ्यावरच येते. मागणी नाही, असे तर कोणीच म्हणू शकणार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर हेच खंड घेण्यासाठी लोक रांगा लावतात, प्रवासाच्या पिशवीत जड ग्रंथ घालून गावी नेतात.

प्रसिद्धीइतकाच साठाही महत्त्वाचा आहे. आंबेडकरांच्या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. पुस्तक छापलेलेच नसेल, तर त्याची कमी किंमत केवळ कागदावर उरते.

ग्रंथागारात जाताना कार्यालयीन दिवस निवडावा आणि हवा तो खंड शिल्लक आहे का, हे आधी विचारून घ्यावे. दूर राहणाऱ्यांसाठी मंडळाची पुष्कळ पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. पुस्तके आणि किंमत यांना मी पूर्ण गुण देतो. वाचकापर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नांना मात्र निम्म्याहून कमी. उपलब्ध पुस्तकांची किमतींसह यादी दर महिन्याला प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाच्या फलकावर लावली, तरी या विक्रीत मोठा फरक पडेल.