रीपरचा वेब रिमोट : सतार आतल्या खोलीत, कॉम्प्युटर बाहेर

मिरजेत सतार-तंबोऱ्यांना तोटा नाही, तोटा आहे तो शांत खोलीचा. तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) नीट टिपायला माइकचा गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते) चढवला, की आधी ऐकू येतो तो कॉम्प्युटरचा पंखा. म्हणून कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत न्यायचा. मग एकट्या वाजवणाऱ्याची कसरत सुरू होते : रेकॉर्ड दाबायचं, आत यायचं, सतार मांडीवर घ्यायची, बैठक जमवायची, आणि चूक झाली की पुन्हा उठायचं. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये यावर आतच सोय केलेली आहे. मोबाईलच्या ब्राउझरमधून रेकॉर्ड, प्ले, स्टॉप चालतं. वेगळं ॲप नको, वेगळे पैसे नकोत. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो.

जोडणी पाच मिनिटांची. प्रेफरन्सेसमध्ये ‘कंट्रोल/ओएससी/वेब’ हे पान उघडून ‘ॲड’ दाबायचं आणि यादीतून ‘वेब ब्राउझर इंटरफेस’ निवडायचं. पोर्टचा आकडा ८०८० राहू द्यावा. युजरनेम-पासवर्डचा रकाना ऐच्छिक आहे, पण तो भरावाच. घरातलं पोर वायफायवर गेम खेळताना चुकून इकडे येणार नाही याची खात्री कोण देणार? तिथेच दिसणारा पत्ता मोबाईलमध्ये टाकला की काम झालं. रिमोटच्या तयार पानांमध्ये ‘फॅन्सीअर’ नावाचं एक आहे, मोबाईलवर ते बरं पडतं.

पान उघडलंच नाही तर आधी विंडोजचा फायरवॉल बघा. रीपरला परवानगी ‘प्रायव्हेट’ नेटवर्कसाठी दिलेली असते आणि घरचं वायफाय विंडोजने ‘पब्लिक’ धरलेलं असतं, हा घोळ फार होतो. तेही ठीक असेल तर मोबाईल गेस्ट वायफायवर आहे का ते पाहा. बहुतेक राउटर गेस्टवरच्या उपकरणांना घरातल्या बाकीच्या उपकरणांशी बोलू देत नाहीत. तिसरा प्रकार आपल्याकडचा : लाईट जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला, कॉम्प्युटरला वेगळा पत्ता मिळाला आणि काल चाललेला रिमोट आज मुका. राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवला की हे थांबतं. कॉम्प्युटर शक्यतो लॅन केबलने राउटरला जोडावा आणि मोबाईल २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर पडतो. आणि राउटर इन्व्हर्टरवर असू द्या.

आता मुख्य उणीव. मोबाईलवर ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) दिसतो, तो सरकतोही, आणि नवखा माणूस समजतो की आपण रेकॉर्डिंगची लेव्हल कमी केली. तसं होत नाही. तो फेडर ऐकण्याचा आवाज बदलतो. फाईलमध्ये जाणारी लेव्हल ठरते ऑडिओ इंटरफेसवरच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवरच्या) गेनच्या खुंटीने, आणि ती खुंटी हाताने फिरवायची असेल तर रीपरचा तिच्यावर काहीही अधिकार नाही. सिग्नल इंटरफेसमध्येच फाटला, तर नंतर फेडर खाली ओढून तो सांधला जात नाही. उपाय साधा : सुरुवातीला सर्वांत जोरकस ‘झाला’ (वादनाचा शेवटचा जलद भाग) वाजवून बघा, रीपरच्या मीटरवर उंचात उंच काटा उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, मग दार लावा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर थोडी कमी लेव्हल मुळीच नडत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन माइक या हिशोबाने तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे टेकच्या (वाजवण्याच्या एकेका प्रयत्नाच्या) अधेमधे स्टॉप न करता सलग चालू ठेवलं तरी चालतं.

आधी तंबोरा रेकॉर्ड करून त्यावर सतार चढवायची असेल, तर मेट्रोनोमच्या (ठोके देणाऱ्या सोयीच्या) सेटिंगमधला प्री-रोल लावा, म्हणजे रेकॉर्ड सुरू होण्याआधी थोडा मागचा भाग वाजतो. टेम्पो १२० आणि ४/४ असेल तर एक मेजर (चार ठोक्यांचा गट) २ सेकंदांचा. मोबाईल ठेवून हात तारांवर नेईपर्यंत ८ सेकंद हवेत, म्हणून ४ मेजर. पण टेक प्रोजेक्टच्या अगदी शून्यापासून सुरू करू नका, मागे जागाच नसेल तर प्री-रोल येणार कुठून? मेट्रोनोमच्या क्लिकचा आवाज बंद ठेवा, हेडफोनमधून झिरपून तो माइकमध्ये येतो.

मोबाईल विमान मोडवर टाकून नुसतं वायफाय चालू करा. मधेच फोन वाजला तर टेक गेलाच. शिवाय रेंज कमी असताना फोन टूजीवर घसरला की केबलमध्ये ती ओळखीची टिरटिर शिरते.

वेब रिमोटला पर्याय दोन आहेत. बिनतारी नंबर कीपॅड स्वस्त आहे आणि न बघता दाबता येतो, पण रीपरची खिडकी पुढे नसेल तर कळ भलतीकडे जाते. थांबवल्यावर ‘फाईल ठेवायची का’ विचारणारी चौकट पलीकडे उघडली, तर पुढची कळ त्या चौकटीला लागते. रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्सेसमध्ये ती चौकट बंद करा. कीपॅडचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टजवळ असेल तर अडखळतो, त्याला छोटी एक्स्टेन्शन केबल लावून दूर काढावा. दुसरा पर्याय रिमोट डेस्कटॉप. तो या कामाला घेऊ नये. मोबाईलच्या पडद्यावर बटणं मुंगीएवढी होतात आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप होम आवृत्तीवर बाहेरून जोडूनच घेत नाही.

दाराखालून जाणारी माइकची एक्सएलआर (तीन पिनांची) केबल १५ मीटरची असली तरी आवाज बिघडत नाही, यूएसबी मात्र ५ मीटरच्या पुढे ताणू नये. म्हणजे इंटरफेस कॉम्प्युटरजवळ, माइक आत, आणि दाराखालच्या फटीत जुनी गोधडी. पंखा नसलेला लॅपटॉप घरात असेल, तर यातलं काहीच लागणार नाही.